राइक्सम्युझियममधलं 'तरंगतं पीस': हे तळं खरं की रचलेलं?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा विषय पक्षी, चित्रकला नव्हे. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतोय.

मी कुंभारगावचा, भिगवणजवळचा. उजनीचं पाणी आमच्या घरापासून लांब नाही. आमचे अण्णा थंडीत होडीतून लोकांना रोहित (फ्लेमिंगो) दाखवायला नेतात. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मीही वल्हवायला जायचो. आता नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आहे. परवा मित्रांबरोबर ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम पाहायला गेलो. बाकीचे रेम्ब्रांटच्या चित्रांसमोर थांबले आणि मी एका पेलिकनपाशी अडकलो.

चित्रकार मेल्खिओर द'होंडेकूटर. काळ साधारण १६८०. तैलरंगातलं चित्र, उंची १५९ सें.मी., रुंदी १४४. पाटीवर 'तळ्याकाठी पेलिकन आणि इतर पक्षी' अशा अर्थाचं नाव आहे, पण ओळखतात सगळे 'तरंगतं पीस' म्हणून. तळ्याच्या काठाशी पांढरा पेलिकन उभा, चोचीखालच्या झोळीसकट. पाण्यात आणि काठावर बदकं. मागे रोहित, क्रौंच, आणि त्यांच्यात चक्क कॅसोवरी, तो शहामृगासारखा न उडणारा मोठा पक्षी! अगदी पुढे पाण्यावर एक लहानसं पीस तरंगतंय.

पक्षी इतके बरोबर काढलेत की मी एकेका बदकाची ओळख मनातल्या मनात लावत राहिलो. पंखावरच्या पिसांच्या ओळी जिथे संपायला हव्यात तिथेच संपतात. पाणी चाखणाऱ्या बदकाची मान मला ओळखीची वाटली. पण हेच पक्षी एका तळ्यावर? कॅसोवरी न्यू गिनीकडच्या दाट जंगलातला, तो पाणथळीत काय करतोय? आमच्याकडे कुणी असा फोटो दाखवला तर अण्णा पहिल्या नजरेत सांगतील की हा जोडलेला आहे.

तर मला कळून घ्यायचंय की हे तळं कुठे होतं का? चित्रकारानं हे पक्षी जिवंत पाहिले होते का पेंढा भरलेले? आणि याला निसर्गचित्र म्हणायचं का? माझा इथला एक सहकारी म्हणाला, "श्रीमंतांच्या भिंती सजवायला काढलेली चित्रं ती, फार मनावर घेऊ नकोस." मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

आरवलीचा बंदरकर

चित्राचं मला फार कळत नाही, पण कॅसोवरी तिथे कसा पोचला ते सांगू शकतो, कारण डच व्यापाराचा इतिहास हा माझा आवडीचा विषय आहे. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष आहेत ना, १६३७ मध्ये ते तिथे आले, त्या भिंती पाहत मी मोठा झालो.

डच लोकांची पूर्वेकडची पहिली मोठी सफर १५९७ मध्ये परत आली. त्या जहाजावर एक जिवंत कॅसोवरी होता. जावातल्या सिदायूच्या अधिपतीनं तो भेट दिला होता. आता गंमत बघा, जावात कॅसोवरी नसतोच. म्हणजे न्यू गिनी, सेराम या बाजूच्या बेटांवरून स्थानिक व्यापाऱ्यांनी तो आधीच नवल म्हणून जावात आणलेला होता. ॲम्स्टरडॅममध्ये लोकांनी तो पैसे देऊन पाहिला. मग या सरदाराकडून त्या सरदाराकडे जात जात शेवटी प्रागला सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या प्राणिसंग्रहात पोचला. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं १६०५ च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलंय.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. म्हणजे तुमचं चित्र रंगवलं गेलं तेव्हा कंपनीची जहाजं पाऊण शतकाहून जास्त काळ ये-जा करत होती. बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) हॉलंडला यायला सात-आठ महिने लागायचे. मिरी, जायफळ, लवंग आणि कापडाच्या गाठींबरोबर पिंजरेही यायचे.

जलरंग

भीमाकाठ, तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

मी सांगलीची. शाळांचे तक्ते, वनखात्याचे माहितीफलक, असल्या कामांसाठी पक्ष्यांची चित्रं काढण्यात माझी हयात गेली. मुलगी आम्स्टेलवेनला राहते. तिच्याकडे आले की मी या चित्रासमोर जाऊन उभी राहतेच, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

आधी तळ्याचं. हे तळं रचलेलं आहे. होंडेकूटरच्या वेगवेगळ्या चित्रांत तेच पक्षी त्याच पवित्र्यात पुन्हा पुन्हा येतात, पेलिकनसुद्धा. म्हणजे त्याच्याकडे एकेका पक्ष्याचे तैलरंगातले अभ्यास तयार असणार. नवं काम आलं की त्यातले पक्षी निवडायचे, मोठ्या कॅनव्हासवर बसवायचे, मागे झाडं, पाणी, उद्यान रंगवायचं. मीही फलक असेच करत आले. 'नदीकाठचे पक्षी' असा फलक हवा असतो तेव्हा खंड्या, बगळा, धोबी आणि शेकाट्या एका चौकटीत बसवावे लागतात. खऱ्या नदीवर ते चौघं माझ्यासाठी एका ओळीत कधी उभे राहिले नाहीत.

पण पक्षी पाहिलेले आहेत. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ॲम्स्टरडॅममध्येच क्लोवेनियर्सबर्खवाल या कालव्यावर 'ब्लाऊ यान' नावाची खाणावळ होती. साधारण १६७५ पासून तिच्या अंगणात देशोदेशीचे पक्षी आणि प्राणी ठेवलेले असत आणि लोक पैसे देऊन ते पाहत. शिवाय धनिकांच्या बागांतले खाजगी संग्रह होते. आणि सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे विल्यम तिसरा. १६७२ पासून हॉलंडचा स्टॅडहाउडर, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी, १६८९ पासून इंग्लंडचाही राजा. त्याच्या प्रासादांवर परदेशी प्राणी-पक्षी पाळलेले होते आणि होंडेकूटरनं त्याच्यासाठी चित्रं केली. आपल्डोर्नजवळच्या हेट लो प्रासादात विल्यमच्या खाजगी दालनात एका दारावर त्याचं एक चित्र होतं. तेही आता राइक्सम्युझियममध्येच आहे, साधारण १६९० चं. त्यात दोन माकडं, पांढरे काकाकुवे, आफ्रिकेतला करडा पोपट असं सगळं आहे.

जिवंत की पेंढा भरलेले, हा तुझा प्रश्न नेमका आहे, कारण त्याच्या घराण्यातच त्याचं उत्तर आहे. आजोबा खिलिस चित्रकार, वडील खेइसबर्ट चित्रकार. होंडेकूटर उट्रेख्टचा, १६३६ च्या सुमाराचा. १६५३ मध्ये वडील गेले. आत्याचा नवरा यान बाप्टिस्ट वेनिक्स हाही चित्रकार. वेनिक्सांच्या घरात शिकारीच्या चित्रांची परंपरा मोठी: मेलेला हंस, पाय बांधून टांगलेला ससा, लोंबणारी मान. अतिशय कसबी काम, पण पक्षी मेलेला. होंडेकूटरनंही अशी चित्रं केली, मात्र त्याचं खरं मन रमलं ते जिवंत पक्ष्यांत. आर्नोल्ड हाउब्राकेन या चरित्रकारानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की होंडेकूटरनं एक कोंबडा असा शिकवला होता की काठीनं इशारा केला की तो हव्या त्या पवित्र्यात उभा राही. खरं-खोटं हाउब्राकेन जाणे, पण त्याचे कोंबडे पाहिले की गोष्ट खोटी वाटत नाही. मेलेल्या पक्ष्याच्या पिसांत वजन नसतं, ती कलेवरावर पडलेली असतात. जिवंत पक्षी स्वतःची पिसं धरून ठेवतो, थंडी वाजली की फुलवतो, भ्यायला की दाबून घेतो. पेलिकनच्या खांद्याजवळ बघ, पिसं शरीरापासून किंचित सुटलेली आहेत. हे पेंढा भरलेल्या पक्ष्यावरून काढता येत नाही. मी काढून पाहिलंय, येत नाही.

आता एक गोष्ट तुझ्यासारख्या होडीवाल्याच्या पोरालाच सांगावी अशी. पुढच्या वेळी चित्रासमोर गेलास की क्षितिज कुठे आहे ते बघ. फार खाली आहे. आपण त्या तळ्याकडे वरून, उभ्या माणसाच्या नजरेनं बघत नाही. आपली नजर जवळपास पक्ष्याच्या उंचीवर आहे. उजनीवर फोटो काढणारी मंडळी होडीच्या काठावर पोटावर आडवी होऊन कॅमेरा पाण्याला टेकवतात ना, त्याच उंचीवर. होंडेकूटरच्या आधीच्या बऱ्याच चित्रांत पक्षी लांबून, वरून, झाडाझाडांवर आणि जमिनीवर पसरलेले दिसतात. रूलांट सावेरीचं १६२८ चं व्हिएन्नातलं पक्ष्यांचं चित्र बघ, त्यात कोपऱ्यात डोडोसुद्धा आहे. सुंदर चित्र, पण ती यादी आहे. होंडेकूटर आपल्याला चिखलात उतरवतो. बदक अंगाला घासून जाईल इतक्या जवळ. त्यामुळे पेलिकन आपल्याहून मोठा वाटतो, आणि बदकांच्या दृष्टीनं तो मोठाच आहे.

रंगाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. पांढरा पक्षी काढणं ही सगळ्यात कठीण परीक्षा. तेव्हाचा पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांत घालून, घोड्याच्या लिदीच्या उबेत महिनोन्महिने ठेवून तो करत. विषारी, पण तैलरंगात त्याच्यासारखा पांढरा दुसरा नव्हता. होंडेकूटर हा सफेदा पेलिकनवर फार थोड्या जागी शुद्ध वापरतो. बाकी सगळीकडे करडा, पिवळट, किंचित गुलाबी, पोटाखाली तळ्याच्या पाण्याचा हिरवट अंश. पेलिकन पांढरा दिसतो तो त्या शेजारच्या करड्यांमुळे. चित्रासमोर उभं राहून दोन्ही हातांची नळी कर आणि फक्त पोटाचा भाग बघ, तिथे पांढरा रंग सापडत नाही.

आणि तुझा सहकारी 'सजावट' म्हणाला, त्याला हे सांग. युरोपात शेकडो वर्षं पेलिकन चित्रात येत होता, पण स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा धर्मकथेतला पक्षी म्हणून. बहुतेक चित्रांत त्याला धड झोळीही नसे, गरुडासारखी बाकदार चोच असे, कारण काढणाऱ्यानं पेलिकन पाहिलेलाच नसे. इथे मात्र झोळी आहे, जड पाय आहेत, चोचीच्या टोकाचा आकडा आहे आणि कुठलीही कथा नाही. पेलिकन पेलिकन म्हणून उभा आहे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका पक्ष्याला एवढा मान दिला. चित्र कुणाच्या भिंतीवर गेलं यानं त्या बघण्याची किंमत कमी होत नाही.

टिटवी

जलरंगताईंनी छान लिहिलंय. मी फक्त त्या पिसाबद्दल लिहिते, कारण भीमाकाठ यांनी त्याचा उल्लेख करून पुढे काहीच विचारलं नाही, आणि मला तर तेच चित्रातलं सर्वांत अभ्यासून काढलेलं वाटतं. (मी प्राणिशास्त्र शिकवते.)

पीस पाण्यावर तरंगतं ते हलकं म्हणून, हे अर्धंच उत्तर. पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, तंतूंना आणखी बारीक उपतंतू, आणि त्यांना आकडे. आकडे एकमेकांत अडकून विणलेला पडदा तयार होतो, त्यात हवा अडकते आणि पाणी आत शिरत नाही. पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतलं तेल चोचीनं अंगभर लावतो, त्यानं पिसं लवचीक राहतात. गळालेलं पीस सुरुवातीला पाण्यात भिजत नाही. त्याची कड वर वळते आणि ते मोजक्या जागीच पाण्याला टेकतं. होंडेकूटरनं हेच काढलंय. ओलं झालेलं पीस चपटं पडतं, हे चपटं नाही. म्हणजे ते आत्ताच, चित्रातल्या क्षणाच्या थोडंसं आधी, कुणाच्या तरी अंगावरून सुटलंय.

ते उड्डाणाचं मोठं पीस नाही, अंगावरचं लहान, वळलेलं पीस आहे. बदकं आणि हंस पंखांची उड्डाणपिसं वर्षातून एकदा सगळी एकदम गाळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे उडूच शकत नाहीत. अंगावरची पिसं मात्र चोच फिरवता फिरवताही सुटतात. पाळीव तळ्यावर उन्हाळ्यात पाण्यावर अशी पिसं सतत दिसतात.

आणि एक अप्रिय गोष्ट. उघड्या तळ्यावर हे पक्षी राहत कसे, उडून का जात नाहीत? अशा संग्रहांत पक्ष्यांच्या एका पंखाचं टोक हाडासकट छाटतात, म्हणजे उड्डाणपिसं पुन्हा येतच नाहीत आणि पक्ष्याचा तोल कायमचा जातो. नुसती पिसं कापली तर पुढच्या वर्षी नवी येतात. राजांच्या तळ्यांवरची शांतता अशी मिळवलेली असते. चित्र मला अतिशय आवडतं, पण हे विसरून मला ते बघता येत नाही.

मांडवी

राजा, परदेशी पक्षी आणि चित्रकार हे त्रिकूट आपल्याकडेही होतं, आणि त्यात आमचं गोवा मध्यभागी आहे, म्हणून लिहितो.

१६१२ मध्ये मुकर्रब खान गोव्याहून जहांगीरसाठी नवलाच्या वस्तू घेऊन गेला. त्यात एक टर्की पक्षी होता. मूळ अमेरिकेचा, पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात आलेला. जहांगीरनं आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलंय: माजावर आला की त्याचं डोकं नि मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी होते. पुढे तो म्हणतो की बाबरानं प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांकडून ती काढून घेतली नाहीत. मी काढून घेतली, म्हणजे ऐकून वाटणारं नवल पाहून आणखी वाढेल. उस्ताद मन्सूरनं काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

फरक एवढाच की मन्सूरच्या टर्कीमागे तळं नाही, उद्यान नाही, मोकळी पार्श्वभूमी आहे. पक्षी एकटा. कुठून आला, कुणाबरोबर राहतो, काही सांगितलेलं नाही. मला व्यक्तिशः तेच जास्त प्रामाणिक वाटतं. होंडेकूटरचं तळं बघणाऱ्याला असं भासवतं की हे सगळे इथलेच आहेत, सुखानं नांदतायत. यावर जलरंगताईंचं काय म्हणणं आहे?

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा गेलो, एकटाच. क्षितिजाचं अगदी तसंच आहे. मी गुडघे वाकवून खाली बसलो तर पेलिकन आणखी उंच झाला. सुरक्षारक्षक बाई जवळ आल्या, मी सांगितलं की माझे वडील पक्षी दाखवायचं काम करतात, तर त्या हसून बाजूला झाल्या आणि मला बराच वेळ बसू दिलं.

टिटवीताई, छाटलेल्या पंखांचं वाचल्यापासून मी प्रत्येक पक्ष्याचे पंख बघत होतो. बहुतेकांचे मिटलेले आहेत.

आता एक मदत हवी. अण्णांना हे चित्र दाखवायचंय. ते इकडे येऊ शकणार नाहीत. मोबाइलवर दाखवलं तर काही कळणार नाही. मोठं छापून घरी लावायचं तर कसं करावं? आणि याच चित्रकाराचं आणखी काय बघू?

जलरंग

मांडवी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मलाही फार दिवस छळतोय. मन्सूर माझाही लाडका आहे. त्याच्या पक्ष्याला मोकळी जागा दिली की आपण फक्त त्या पक्ष्याशी बोलतो. पण होंडेकूटरचं तळं मला फसवणूक वाटत नाही, कारण विल्यमची आणि इतर धनिकांची तळी खरोखरच तशी होती. न्यू गिनीचा पक्षी डच बदकाशेजारी खरंच उभा असे. होंडेकूटरनं पक्ष्यांची मांडणी स्वतः केली, पण ही सरमिसळ त्यानं शोधली नाही, ती त्याच्या काळानं केली होती. जहाजांनी, पैशानं आणि टिटवीनं सांगितलेल्या त्या कात्रीनं. म्हणून भीमाकाठच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: हे जंगलाचं चित्र नाही, पण त्या काळच्या एका खऱ्या तळ्याच्या जातीचं चित्र आहे, आणि त्यातला प्रत्येक पक्षी निसर्गातूनच पाहिलेला आहे. उजनीसुद्धा माणसानं बांधलेली आहे, १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि त्या पाण्याखाली गावं गेली. तरी तिथला रोहित स्वतःच्या पंखांनी येतो आणि पाणी चढलं की स्वतःच्या पंखांनी निघून जातो. मला दोन तळ्यांत महत्त्वाचा फरक हा वाटतो. झाडं रंगवलेली की खरी, यापेक्षा तो मोठा आहे.

आता बघायचं काय. द हेगला माउरित्सहाउसमध्ये होंडेकूटरचं एक चित्र आहे. दुसऱ्यांची पिसं लावून मिरवणाऱ्या कावळ्याची पिसं बाकीचे पक्षी उपटून काढतायत. इसापाची गोष्ट, आपण लहानपणी मोराची पिसं लावलेला कावळा म्हणून ऐकलेली. तळ्यावरच्या शांततेनंतर तो गोंधळ बघ, तोच माणूस काय वेगानं पक्षी हलवू शकतो ते कळेल. कधी न्यूयॉर्कला गेलास तर मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याचं १६८३ चं मोरांचं चित्र आहे. तिथे तरी ओळखीचा पक्षी भेटेल. आणि आपल्डोर्नला हेट लो प्रासाद बघायला जा, बाग पुन्हा जुन्या आराखड्यावर उभी केलेली आहे. होंडेकूटरच्या पक्ष्यांमागे जी उद्यानं दिसतात ती कशी असत याचा अंदाज येतो.

छपाईचं सांगते. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून या चित्राची मोठी फाइल फुकट उतरवता येते, छापायलाही हरकत नाही. मोबाइलनं काढलेला फोटो छापू नकोस. फ्लेक्सवर तर अजिबात नको, रंग भडक होतात आणि पेलिकनमधले सगळे करडे मरतात. पुण्यात कलाकृतींच्या छपाईचं काम करणाऱ्यांकडे मॅट कागदावर किंवा कॅनव्हासवर काढून घे. ग्लॉसी कागदावर खिडकीचा उजेड पडला की गडद भागातले मागचे पक्षी दिसतच नाहीत, आणि अण्णा नेमके तेच शोधणार. छापण्याआधी त्यांना गडद भाग किंचित उजळायला सांग आणि आधी पेलिकनचं पोट आणि मागचा कॅसोवरी एवढाच तुकडा नमुना म्हणून छापून बघ. पोटाचा रंग निळसर आला तर परत करायला लाव, तो उबदार करडाच यायला हवा.

उंची निदान तीन फूट ठेव. लावताना पेलिकनचा डोळा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला येईल इतकं खाली लाव. घरात भिंतीवर फोटो फार उंच टांगायची आपल्याला सवय आहे, तसं केलंस तर ते खालचं क्षितिज वाया जाईल. आणि फाइल गावी व्हॉट्सॲपनं फोटो म्हणून पाठवू नकोस, ते चित्र दाबून लहान करतं. ड्राइव्हवर टाकून लिंक दे, किंवा इकडून कुणी जात असेल तर पेनड्राइव्ह दे.